निर्यातीच्या आंब्याला भिंग, केळीच्या रोपाला मोकळं रान

प्रति,
मा. आयुक्त (कृषी), महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि
मा. वनस्पती संरक्षण सल्लागार, भारत सरकार, फरिदाबाद

विषय : फळपिकांच्या रोपांची वाहतुकीआधी रोपवाटिकेतच क्वारंटाइन तपासणी होण्याबाबत

महोदय,

हंगामात मी नवी मुंबईतल्या एका निर्यात पॅकहाऊसमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करते. माहेर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. फळ देशाबाहेर जाताना काय काय होतं ते मी रोज बघते. रोप गावात येताना काय होतं तेही लहानपणापासून बघत आले आहे. या दोन्हींतली तफावत आता बघवत नाही, म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. परदेशी जाणाऱ्या फळावर आपण जी नजर ठेवतो, ती शेतकऱ्याच्या बांधावर उतरणाऱ्या रोपावरही ठेवा. आणि ती रस्त्यावरच्या नाक्यावर नको, रोपवाटिकेच्या दारातच हवी.

आमच्या टेबलावर काय चालतं ते थोडं सविस्तर सांगते. आपल्याला हे ठाऊक आहेच, पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसेल. पेटीतला हापूस उजेडाखाली फिरवून बघायचा. देठाच्या भोवती, मग खांद्यावर, मग टोकाला. फळमाशीचा डंख टाचणीच्या टोकाएवढा असतो, ताजा असेल तर डाग म्हणूनही दिसत नाही. बोटानं किंचित दाबलं की आत मऊ लागतं. शंका आली की फळ कापायचं. कोयीतल्या सोंडेकिड्याचं तर बाहेरून काहीच कळत नाही, कारण फळ कैरीएवढंही नसताना अळी आत शिरते आणि तिची वाट फळ वाढताना बुजून जाते. त्यासाठी कोय फोडावी लागते. डाळिंब असेल तर मुकुट बघायचा, पिठ्या ढेकूण तिथे पाकळ्यांच्या आड दडून बसतो आणि वरून फळ आरशासारखं चकचकीत दिसतं.

हे झाल्यावर देशागणिक प्रक्रिया. युरोपला जाणारा आंबा ४८ अंशाच्या गरम पाण्यात तासभर. जपानला जाणाऱ्या आंब्याला उष्ण बाष्प, ४७.५ अंशाला २० मिनिटं. अमेरिकेसाठी ४०० ग्रे एवढ्या मात्रेचं विकिरण. तिथेही लोकांचा गैरसमज असतो की विकिरणानं अळी जागीच मरते. ती मरेलच असं नाही, पण तिची पुढची पिढी होत नाही, आणि क्वारंटाइनला तेवढंच हवं असतं. शेवटी अधिकारी येतात, नमुना काढून बघतात, समाधान झालं तर फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, मिळतो. तो कागद नसेल तर फळ कितीही गोड असो, विमानात चढत नाही. ज्या लाकडी पॅलेटवर पेट्या रचतात त्या लाकडालासुद्धा ५६ अंशावर अर्धा तास तापवल्याचा शिक्का लागतो. लाकडालासुद्धा!

एवढी शिस्त आपल्याला सुखासुखी लागलेली नाही. २०१३ मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, आणि १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं. ऐन हंगामात. हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पडून राहिल्या, भाव कोसळला, आणि मग सगळ्यांना जाग आली. मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच माल जाईल असा दंडक आला, प्रक्रिया सक्तीची झाली, बागांची नोंदणी झाली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. म्हणजे ठरवलं तर आपल्या यंत्रणेला आठ-नऊ महिन्यांत हे जमतं. म्हणूनच पुढचं लिहिण्याचा मला हक्क आहे असं वाटतं.

आता रावेरकडे या.

मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागणीच्या आधी, मे संपता संपता, केळीची टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं गाड्यांतून गावात उतरू लागतात. कुणाची नावाजलेल्या कंपनीची, कुणाची कुठल्या तरी शेडमध्ये हार्डनिंग केलेली, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावलेली, कुणाची कुणाच्या मेव्हण्यानं स्वस्तात मिळवून दिलेली. कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागणीच्या वेळी पुन्हा तेच. ज्यांना रोपाचा खर्च झेपत नाही ते मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्यालगत फुटलेली पिलं आणतात, ओळखीच्या बागेतून, मुळाशी माती लागलेले. त्यातले काही बुऱ्हाणपूरकडून येतात, काही गुजरातकडून. कापणीच्या टोळ्या सीमेच्या अल्याड-पल्याड एकाच आठवड्यात काम करतात, त्याच कोयत्यानं आणि त्याच चिखलाच्या चपलांनी. ट्रकमध्ये घडांच्या मध्ये केळीचीच पानं घालतात, ती जिथे माल उतरेल तिथे उकिरड्यावर जातात. या साऱ्या वाटेत रोप थांबवून त्याचा कंद कुणी कापून पाहिला, असं मी आजवर पाहिलं नाही.

बुऱ्हाणपूरचं नाव मुद्दाम घेतलं. केळीच्या पनामा मर रोगाची जी जात जगभर टीआर-४ म्हणून ओळखली जाते, तिची भारतातली शास्त्रीय नोंद आधी बिहारमधल्या कटिहार-पूर्णिया भागातून झाली. नंतर उत्तर प्रदेश, गुजरातमधलं सुरत आणि मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर यांचीही नावं शास्त्रज्ञांच्या नोंदींत आली. रावेरहून बुऱ्हाणपूर तासाभराच्या आत येतं. मधे एक राज्यसीमा आहे, पण बुरशीला ती दिसत नाही. दोन्हीकडे जमीन तीच, वाण तोच ग्रँड नैन, मजूर तेच, व्यापारीही बरेचसे तेच.

ज्यांच्या घरी केळी नाही त्यांच्यासाठी हा रोग काय करतो ते सांगायला हवं. बुरशी जमिनीत असते. मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. खालची, जुनी पानं कडेनं पिवळी पडतात, देठापाशी मोडून खोडाला लगडून राहतात, कधी खोड बुंध्याशी उभं चिरतं. खोड कापलं तर आत लालसर-तपकिरी रेघा दिसतात. घड पोसतच नाही. यावर फवारणी नाही, आळवणी करून हमखास जाईल असं औषध नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाग उपटली तरी बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात. ज्या शेतात टीआर-४ शिरला ते शेत ग्रँड नैनसाठी संपलं असं समजायचं. आमच्याकडचा हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग, खूप नुकसान करतो, त्यात शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या आहेत, पण तिथे पुढच्या हंगामात नवी लागण करायची आशा तरी असते. करप्याला, म्हणजे पानांवरच्या ठिपक्यांच्या रोगाला, फवारणी आहे. टीआर-४ ला या दोन्हींतलं काही नाही.

एकदा जगाचं केळ असंच गेलेलं आहे. मध्य अमेरिकेतून निर्यात होणारा ग्रो मिशेल हा वाण याच बुरशीच्या जुन्या जातीनं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून हद्दपार केला. कॅव्हेंडिश गटातली केळी त्या जातीला दाद देत नव्हती, म्हणून सारं जग कॅव्हेंडिशवर गेलं. आपला ग्रँड नैन त्याच गटातला, आणि टीआर-४ नेमका त्याच गटाला मारतो. तेव्हा पर्याय म्हणून कॅव्हेंडिश तयार होता. आज त्याच्या जागी तितक्याच ताकदीनं बाजारात उभा राहील असा वाण आमच्या हाताशी नाही. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. ते मानांकन ज्या मातीच्या नावावर आहे, त्या मातीची राखण कोण करणार ते मात्र कुणी सांगितलं नाही.

परक्या किडी-रोगांची भीती मी उगाच घालत नाही, महाराष्ट्राच्या पदरी यातले अनुभव पुरेसे आहेत. गाजर गवत पहिल्यांदा दिसलं ते १९५५ मध्ये पुण्यात, आज ते नाही असा बांध दाखवा. टोमॅटोवरची दक्षिण अमेरिकेतली टूटा अळी भारतात पहिल्यांदा आढळली तीही पुणे परिसरातच, २०१४ मध्ये. आंब्याची बंदी झाली तेच साल. म्हणजे आपण निर्यातीच्या दारावर पहारा वाढवत होतो आणि मागच्या दारानं पाहुणी घरात येत होती. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी सोलापूरच्या मक्यात होती. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला, दोनेक वर्षांत आपल्याकडच्या पपईवर आला. त्याच्या बाबतीत नशीब चांगलं होतं, पोर्तो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाशीनं तो आटोक्यात आणला. मातीतल्या बुरशीसाठी अशी कुठली माशी येणार नाही.

यातल्या बऱ्याचशा उडणाऱ्या, वाऱ्यावर येणाऱ्या किडी होत्या, त्यांना अडवणं अवघड होतं हे मान्य. पण डाळिंबाचा तेल्या रोग उडून आला नाही. तो गुटी कलमांतून, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेल्या रोपांतून गेला. भगवा या डाळिंबाच्या वाणाला भाव आला, रोपांची मागणी एकदम वाढली, आणि ज्याच्या बागेत झाड होतं तो गुट्या बांधून विकू लागला. झाडाला तेल्या आहे की नाही हे बघायला सवड कुणाला होती? सोलापूर, नाशिक, सांगलीचे पट्टे त्यानं पोळले, आणि कलमं जिकडे गेली तिकडे तोही गेला. वरुड-शेंदुरजनाघाटच्या संत्रा कलमांची हीच गोष्ट : डिंक्याची बुरशी पिशवीतल्या मातीतून नव्या बागेत जाते, झाड चार-पाच वर्षांचं होऊन फळावर येतं तेव्हा बुंध्यातून डिंक गळायला लागतो. तोवर रोपवाटिकेची पावतीही हरवलेली असते.

आता कुणी म्हणेल, कायदा नाही म्हणून अडलं आहे. तसं नाही. १९१४ चा विनाशकारी कीटक व कीड कायदा आजही लागू आहे आणि त्यात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोपं नेण्यावर बंधन घालण्याचा अधिकार केंद्राला आहे. गंमत अशी की केळीच्या मोझॅक या विषाणूजन्य रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीची रोपं बाहेर नेण्यावर बंधन घालणारी केंद्राची अधिसूचना फार जुनी आहे. ती रावेर-सावद्यातल्या किती जणांना माहीत आहे, हे एकदा विचारून बघावं. रोपवाटिकांसाठी राज्याचा १९६९ चा कायदा आहे, त्यात परवाना आहे, नोंदवही आहे. टिश्यूकल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची केंद्राची पद्धत २००६ पासून आहे. २०१३ मध्ये कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं होतं, पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली आणि ते तसंच विरून गेलं. ते पुन्हा आणावं असं मला वाटतं, पण त्याची वाट बघत बसायला आमच्याकडे वेळ नाही. हातात आहे तेवढा कायदा वापरला तरी रोपवाटिकेच्या दारात माणूस उभा करता येईल.

दारातच का, नाक्यावर का नको, हे नीट सांगते, कारण अशा मागणीचा पहिला परिणाम म्हणजे हायवेवर आणखी एक बांबू आडवा होतो आणि आणखी एक हप्ता सुरू होतो. ते आम्हाला नको आहे. शिवाय त्याचा उपयोगही नाही. तपासणीचं गणित साधं आहे. मोठ्या लॉटमध्ये शेकडा एक रोप रोगट असेल, तर त्यातलं निदान एक तरी नजरेला पडावं याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३०० रोपं काढून बघावी लागतात. नाक्यावरचा शिपाई रात्री टॉर्चच्या उजेडात तीनशे रोपं बघणार नाही. आणि समजा बघितली, तरी टीआर-४ ची लागण झालेलं कोवळं रोप पहिले काही आठवडे हिरवंगार दिसतं. आंब्यावरचा डंख निदान बोटाला लागतो, हे रोप बोटालाही फसवतं. दहा हजार रोपांच्या गाडीत एक टक्का म्हणजे शंभर रोपं, आणि शंभर रोपं म्हणजे शंभर ठिकाणी पेरलेली बुरशी.

म्हणून तपासणी मुळाशी हवी. ज्या मातृवृक्षांपासून ऊतक घेतलं त्यांची प्रयोगशाळेत चाचणी. हार्डनिंगसाठी माती किंवा कोकोपीट कुठून आलं, ते निर्जंतुक केलं होतं का, शेडमध्ये पाणी कुठलं, बाजूला केळीची बाग आहे का. माझ्या माहितीप्रमाणे प्रयोगशाळेच्या बाटलीतलं रोप सहसा स्वच्छच असतं, घोळ होतो तो नंतर, शेडमध्ये. आणि शेड हेच सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण आहे. मोठ्या कंपनीचं नाव असलेल्या रोपाचं हार्डनिंगही कधी कधी तिसऱ्याच माणसाकडे झालेलं असतं, शेतकऱ्याला याचा पत्ता नसतो. मुनव्यांच्या बाबतीत तर एकच सांगणं आहे : रोगाची नोंद झालेल्या जिल्ह्यांतून मुनवे, कंद आणि मुळाला माती असलेलं काहीही आणणं बंद करा. हे तपासत बसण्यात अर्थ नाही, सरळ बंदीच हवी.

यासाठी नवं काही शोधून काढायचंही नाही. द्राक्षाची पेटी रॉटरडॅमला उघडली तरी प्लॉट क्रमांकावरून निफाडमधली की दिंडोरीतली कुठली बाग ते काही मिनिटांत सापडतं. अशाच ऑनलाइन नोंदीसाठी आंब्याला मँगोनेट आहे, डाळिंबाला अनारनेट. शेताची नोंदणी, कृषी सहायकाची भेट, अहवाल, लॉट, सगळं जागच्या जागी. हीच साखळी उलटी फिरवा. फळाऐवजी रोपाच्या ट्रेला क्रमांक द्या. प्रयोगशाळा, शेड, गाडी, शेतकरी, एवढ्या चार नोंदी. उद्या खिरवडला एखादी बाग पिवळी पडली तर त्याच लॉटची रोपं आणखी कुणाकुणाच्या शेतात गेली हे त्याच दिवशी कळलं पाहिजे. आज हे कळायचं तर दुकानदाराच्या वहीवर आणि शेतकऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागतं.

केंद्रानं २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला, देशभरात नऊ केंद्रं होणार आहेत. महाराष्ट्रासाठी पुण्याला द्राक्ष, नागपूरला संत्रा आणि सोलापूरला डाळिंब अशी तीन केंद्रं जाहीर झाली. कार्यक्रम चांगला आहे, यात दुमत नाही. फक्त त्या तीन नावांत केळी नाही. देशातला सगळ्यात मोठा केळीचा पट्टा ज्या जिल्ह्यात गणला जातो, त्या जळगावला स्वच्छ रोपाची सोय कधी होणार, याचं उत्तर आम्हाला हवं आहे. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, जागा आहे, पीक ओळखणारी माणसं आहेत. तिथे टीआर-४ ओळखण्याची रेणवीय चाचणी सुरू करा. नुसत्या डोळ्यांनी हा रोग कुठल्या जातीचा ते सांगता येत नाही, त्यामुळे खात्री करायची तर नमुना तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राकडे जातो. नमुना पाठवण्याचीही रीत आहे, खोडातले तपकिरी धागे काढून टीपकागदावर सुकवून पाठवायचे असतात. ते न कळल्यानं कुणी अख्खा बुंधा पोत्यात घालून एसटीनं नेला तर रोग तपासायला नेता नेता पसरवला जाईल. ही माहिती मराठीत, चित्रांसह, प्रत्येक कृषी सहायकाच्या मोबाइलवर असायला काय हरकत आहे?

आता सगळ्यात अवघड गोष्ट.

समजा माझ्या भावाच्या बागेत एक झाड तसं दिसलं. त्यानं काय करावं? कृषी अधिकाऱ्याला कळवावं, असं आपण म्हणाल. कळवलं तर काय होईल? बाग सील, माल विकता येणार नाही, शेजारी बोलणार नाहीत, व्यापारी त्या शिवाराकडे फिरकणार नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर तसंच. न कळवता झाड गुपचूप उपटून बांधावर फेकलं तर? निदान या वर्षीचा घड विकला जाईल. मी त्याला काय सल्ला देईन असं आपल्याला वाटतं? मी क्वारंटाइनचं काम करते, तरी मला तोंडावर उत्तर देता येणार नाही. जगात जिथे हा रोग आटोक्यात राहिला तिथे तपासणीच्या बरोबरीनं या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवलेलं होतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. क्वीन्सलंडमध्ये टली इथे २०१५ च्या मार्चमध्ये एका शेतात टीआर-४ सापडला. शेत तिथल्या तिथे बंद झालं, कुंपण आलं, आत-बाहेर जाणारी प्रत्येक गाडी आणि बूट धुतला जाऊ लागला. पुढच्या वर्षी केळी उत्पादकांच्या संघटनेनं ते शेतच विकत घेऊन कायमचं बंद केलं. लक्षात घ्या, दंड केला नाही, विकत घेतलं. त्यानंतरच्या वर्षांत रोग पुढे सरकलाच नाही असं नाही, पण मोजक्याच शेतांपुरता राहिला. कोलंबियात २०१९ मध्ये तो सापडताच राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. आपल्याकडे तो कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावात निश्चित झाला आहे याची यादी शेतकऱ्याला सहज मिळेल अशी कुठे लावलेली आहे? युरोपीय संघ आपल्या मालात सापडलेल्या प्रत्येक किडीची नोंद दर महिन्याला जगजाहीर करतो. त्या यादीत भारताचं नाव आलं की पॅकहाऊसमध्ये आमच्या पोटात गोळा येतो. पण त्याच उघडपणामुळे आम्ही सुधारलो. आमच्याच देशातल्या रोगाची बातमी आम्हाला मात्र व्हॉट्सॲपवर, अर्धी खरी आणि अर्धी भीतीची, अशी मिळते.

तेव्हा भरपाईचं धोरण तपासणीच्या आधी जाहीर करा. ज्यानं स्वतः होऊन कळवलं त्याला उपटलेल्या बागेचा पूर्ण मोबदला, आणि त्या जमिनीत दुसरं पीक उभं करायला दोन-तीन वर्षांची मदत. ज्यानं लपवलं त्याला नाही. पीकविम्याच्या निकषांत हा रोग बसतो की नाही हे शेतकऱ्याला आधीच कळलं पाहिजे, बाग गेल्यावर नाही. पैसा लागेल, पण तो एका शेताच्या मोलाचा असेल. नंतर हाच पैसा तालुक्याच्या मोलाचा लागतो.

एक गोष्ट आमच्या लोकांनाही सांगायची आहे, पत्र खुलं असल्याचा एवढा फायदा घेते. रोप घेताना पावती मागत नाही तो शेतकरी स्वतःच्या हातानं पुरावा फेकून देत असतो. रोपामागे एक-दोन रुपये वाचवायला जो अनोळखी शेडमधून माल आणतो, त्याच्या शेजाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. आणि दुसऱ्याच्या बागेत काम करून आलेली टोळी आपल्या बागेत शिरताना हत्यारं जंतुनाशकात बुडवून घेणं, गेटपाशी पाय धुवायला टब ठेवणं, यासाठी कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही. पिलबाग, म्हणजे जुन्या बुंध्याच्या पिलावर पुढचं पीक, धरताना तर जास्तच. हे बोलल्यावर काही काका-मामा नाराज होतील, होऊ देत.

पॅकहाऊसमधल्या माझ्या सहकाऱ्यांना या पत्राचा सूर खटकेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते. निर्यातीची तपासणी कमी करा असं मी म्हणत नाही. २०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेनं विमानतळावर अडवल्या, तेव्हा वाद किडीचा नव्हता, कागदाचा होता, आणि तरीही माल तिथेच नष्ट करावा लागला. त्याच वर्षी भगव्या डाळिंबाचा पहिला कंटेनर समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोचला. हा व्यवसाय किती बारीक धाग्यावर लोंबतो ते आम्ही जाणतो. पण ज्या बागेतून ते डाळिंब, ते केळं येतं, तीच बाग निरोगी राहिली नाही तर आमचं टेबल, भिंग आणि फायटो यांचा उपयोग कुणाला?

आपल्या दोन्ही कार्यालयांकडून आम्हाला लेखी हवं आहे ते इतकंच. रोगाची नोंद झालेल्या जिल्ह्यांतून केळीचे मुनवे व कंद आणण्यावर बंदीचा आदेश, आणि तो मराठी व हिंदीत रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपड्याच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावलेला. प्रत्येक हार्डनिंग शेडची नोंदणी आणि रोपं गाडीत चढण्याआधी तिथली तपासणी, लॉट क्रमांकासह. जळगावात चाचणी. कळवणाऱ्या शेतकऱ्याच्या भरपाईचा शासन निर्णय. आणि रोग निश्चित झालेल्या गावांची उघड यादी, दर महिन्याला सुधारलेली.

मृगबागेची रोपं मेच्या अखेरीस गाड्यांत चढू लागतात. शेडची यादी त्याआधी तयार झाली तर पहिली तपासणी याच हंगामात करता येईल. पॅकहाऊसमध्ये नमुना कसा काढायचा हे शिकलेली आमच्यासारखी बरीच मुलं-मुली आंब्याचा हंगाम संपला की जूनमध्ये मोकळी असतात. आपण बोलावलंत तर जळगाव जिल्ह्यातल्या शेडवर आम्ही कृषी सहायकांबरोबर यायला तयार आहोत. माझा पत्ता आणि फोन कार्यालयाला टपालानं पाठवलेल्या प्रतीवर आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादकाची मुलगी